नवी गाडी, शोरूमचं कर्ज आणि कर्जबदल: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

कोकणात गाडीखरेदीचा नेहमीचा क्रम ठरलेला आहे. गाडी पसंत पडते, बुकिंगचे पैसे भरले जातात, गणपतीच्या आत किंवा दसऱ्याला डिलिव्हरी मागितली जाते आणि त्यानंतर कुठे कर्जाचं बोलणं निघतं. तोवर शोरूमला कळलेलं असतं की गिऱ्हाईक आता मागे फिरणार नाही. महाग कर्ज, नको असलेला विमा आणि न मागितलेल्या वस्तू याच टप्प्यावर गळ्यात पडतात. कर्ज मंजूर करून मगच शोरूममध्ये गेलात, तर यातलं बरंचसं टळतं.

शोरूममध्ये जे ‘एकच पॅकेज’ म्हणून समोर ठेवतात, त्यात गाडीची किंमत, कर्ज, विमा आणि ॲक्सेसरीज असे चार वेगळे व्यवहार असतात. पुढच्या प्रत्येक टप्प्यात ते वेगळेच ठेवायचे आहेत. ‘महिना किती बसेल?’ या एका प्रश्नात ते एकत्र झाले, की कुठे किती जास्त दिले ते कळत नाही.

## टप्पा १: क्रेडिट रिपोर्ट (बुकिंगच्या दोन महिने आधी)

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. तो त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. आपला रिपोर्ट आपण पाहिल्याने गुण (क्रेडिट स्कोअर) कमी होत नाहीत. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात आणि ७५० च्या वर असतील, तर दरावर बोलायला जागा मिळते.

गुणांपेक्षा आतल्या नोंदी महत्त्वाच्या. या तीन गोष्टी शोधा:

- फिटलेलं पण अजून चालू दिसणारं जुनं कर्ज. मोबाइल, फ्रीज, दुचाकी अशी हप्त्यावर घेतलेली खरेदी इथे हमखास अडकलेली असते.
- ‘सेटल्ड’ असा शेरा. पूर्ण फेडलेल्या कर्जावर ‘क्लोज्ड’ असायला हवं. ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोडीत कमी रक्कम भरली, असा अर्थ बँक काढते.
- जामीनकी. गावात शिक्षक, ग्रामसेवक किंवा पगारदार नातेवाईक जामीनदार म्हणून सही देतात आणि विसरून जातात. मूळ कर्जदाराचा हप्ता थकला, की तो जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही दिसतो.

चूक सापडली तर त्या संस्थेकडे ऑनलाइन हरकत नोंदवा आणि संबंधित बँकेलाही लेखी कळवा. दुरुस्तीला आठवडे लागतात, म्हणून दोन महिन्यांचं अंतर सांगितलं.

इशारा: ‘किती कर्ज बसतं ते बघू’ म्हणत शोरूममधला फायनान्सवाला पॅन आणि आधार मागतो आणि एकाच दिवसात चार-पाच कंपन्यांकडे अर्ज टाकतो. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदते. थोड्या दिवसांत अशा अनेक चौकश्या दिसल्या, तर पुढची बँक सावध होते. कर्ज तिथून घ्यायचं ठरेपर्यंत पॅनची प्रत आणि ओटीपी दोन्ही देऊ नका.

## टप्पा २: किती कर्ज, किती वर्षं

घरातले सगळे हप्ते, नव्या गाडीचा धरून, हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावेत. बँकाही साधारण हेच पाहतात. त्याशिवाय पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंगचे पैसे वेगळे धरावे लागतात.

मुदतीचा फरक आकड्यांत पाहा. ८ लाखांचं कर्ज, ९.५ टक्के दराने:

- ५ वर्षं: हप्ता सुमारे १६,८०० रुपये, एकूण व्याज सुमारे २.०८ लाख
- ७ वर्षं: हप्ता सुमारे १३,०७५ रुपये, एकूण व्याज सुमारे २.९८ लाख

हप्ता पावणेचार हजारांनी कमी होतो आणि त्यासाठी नव्वद हजार रुपये जास्त जातात. सात वर्षांचा हप्ताच झेपत असेल, तर गाडी एक पायरी खालची बघा.

कोकणात उत्पन्न हंगामी असतं, ही वेगळी अडचण आहे. आंब्याचे पैसे मार्च ते मे मध्ये येतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होमस्टेचा धंदा पावसात मंदावतो. हप्ता मात्र बारा महिने कापला जातो. त्यासाठी दोन उपाय करता येतात. शेतीउत्पन्न असेल तर तिमाही किंवा सहामाही हप्ता मिळेल का, हे बँकेला अर्जाआधीच विचारा. ते जमत नसेल, तर हंगामाच्या शेवटी चार हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला काढा आणि तिला हात लावू नका. पावसाळ्यात दोन हप्ते परत गेले, तर दंड, बँकेचं शुल्क आणि रिपोर्टवरचा डाग असं तिहेरी नुकसान होतं.

## टप्पा ३: कागद जमवा आणि बँकेची मंजुरी घ्या

पगारदारांना साधारणपणे तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, पॅन, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. व्यावसायिकांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि व्यवसायाचा दाखला मागतात.

बागायतदारांची गाडी सातबाऱ्यावर अडते. सामाईक सातबाऱ्यावर आजोबांच्या वारसांची पंधरा नावं असतील, तर बागेचं सगळं उत्पन्न तुमचं म्हणून बँक धरत नाही. अशा वेळी आंबा-काजू विक्रीच्या पट्ट्या, कॅनिंगवाल्याकडून खात्यात जमा झालेल्या रकमा आणि विवरणपत्र यांवर अर्ज उभा राहतो. रोखीत झालेली विक्री कागदावर दिसत नाही, तेव्हा वर्षभर आधीपासून पैसे खात्यात घ्यायची सवय ठेवा. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा किंवा मुलगी सहअर्जदार झाली, तर मंजुरी सोपी होते. मात्र हप्ता थकला तर त्यांचाही रिपोर्ट बिघडतो, हे त्यांना आधी सांगा.

आता किमान दोन ठिकाणी दर विचारा. पगाराचं किंवा धंद्याचं खातं असलेली बँक एक, आणि दुसरी एखादी सरकारी बँक. तोंडी चौकशी हवी तितक्या ठिकाणी करा, अर्ज मात्र एकाच ठिकाणी द्या. विचारायचे प्रश्न:

१. दर घटत्या शिल्लकेवर आहे की फ्लॅट?
२. दर स्थिर आहे की बदलता?
३. कर्ज एक्स-शोरूम किमतीवर मिळेल की ऑन-रोडवर, आणि किती टक्के?
४. प्रक्रिया शुल्क, कागदपत्र शुल्क आणि मुद्रांक शुल्क मिळून किती?
५. मुदतीआधी पूर्ण फेड केली तर किती टक्के आकार, आणि पहिले किती महिने फेडच करता येत नाही?
६. अधूनमधून जास्तीचे पैसे भरता येतील का, वर्षातून किती वेळा?

पाचवा प्रश्न कोणी विचारत नाही आणि पुढे कर्जबदलाच्या, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याच्या, वेळी सगळं त्याच्यावर अडतं.

फ्लॅट दराचा फसवेपणा इथेच समजून घ्या. घटत्या शिल्लकेवर म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज; फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज. ८ लाख रुपये, ५ वर्षं, ‘फक्त ५ टक्के फ्लॅट’. व्याज झालं २ लाख आणि हप्ता १६,६६७ रुपये. हाच हप्ता घटत्या शिल्लकेवरच्या सुमारे ९.१५ टक्क्यांना येतो. म्हणजे ९ टक्के घटता दर देणारी बँक पाच टक्के फ्लॅटवाल्यापेक्षा स्वस्त आहे.

पतसंस्थेचं कर्ज लवकर मिळतं आणि ओळखीवर मिळतं, पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत, त्या सहकार खात्याकडे असतात. पुढच्या टप्प्यांत रिझर्व्ह बँकेचे जे नियम सांगितले आहेत, ते तिथे लागू धरू नका. जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँका मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत आहेत.

तपासा: मंजुरीपत्रावर रक्कम, दर, मुदत आणि पत्र किती तारखेपर्यंत चालेल हे चारही लिहिलेलं आहे ना? हे पत्र हातात असेल तरच पुढच्या टप्प्यावर जा.

## टप्पा ४: कोटेशन ओळीओळीने फोडा

शोरूममध्ये मंजुरीपत्र दाखवायची घाई नको. आधी गाडीची किंमत आणि सवलत लेखी घ्या. कोटेशन साधारण असं दिसतं (पेट्रोल गाडी, समजण्यासाठी घेतलेले आकडे):

- एक्स-शोरूम: ८,२०,०००
- रोड टॅक्स, ११ टक्के: ९०,२००
- नोंदणी, कर्जाच्या बोज्याची नोंद, स्मार्ट कार्ड: २,३००
- विमा: ४६,०००
- फास्टॅग: ५००
- वाढीव वॉरंटी: १४,०००
- ॲक्सेसरीज पॅकेज: २२,०००
- हँडलिंग: ७,५००
- एकूण ऑन-रोड: १०,०२,५००

गाडीवरची सवलत सोडली, तर पहिल्या तीन ओळी हलत नाहीत. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के कर आहे, डिझेलला त्याहून जास्त आणि सीएनजीला कमी. खालच्या पाच ओळींवर बोलता येतं. ‘हँडलिंग’ नावाचं कोणतंही शासकीय शुल्क नाही. कशाचे पैसे ते लेखी मागितलं, की ही ओळ बहुतेकदा गळते. विम्याचे तीन दर बाहेरून आणा. शोरूमचा विमा घ्यायची सक्ती नाही आणि त्याच संरक्षणाला बाहेर कमी हप्ता पडतो, हे नेहमीचं आहे.

समजा वॉरंटी, ॲक्सेसरीज आणि हँडलिंग काढलं आणि विमा १२,००० ने कमी झाला. ५५,५०० रुपये वाचले. हेच पैसे ९.५ टक्क्यांच्या सात वर्षांच्या कर्जात घातले असते, तर ७६,००० च्या वर फेडावे लागले असते. रबरी मॅट आणि सीट कव्हर बाजारात रोखीने घ्या.

गाडीची किंमत १० लाखांच्या वर असेल, तर शोरूम १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, घेतं. हा पैसा बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो. त्यासाठी बिलावर पॅन बरोबर हवा.

बिलाआधी चेसिस क्रमांकावरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. जानेवारीत घेतलेली गाडी मागच्या वर्षीची असेल, तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. त्याची सवलत आत्ताच मागायची.

इशारा: सिंधुदुर्गातून गोव्यात जाऊन ‘तिकडचा कर कमी’ म्हणून गाडी घेण्याचा मोह होतो. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली, तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. कर्जाची गाडी असेल तर त्यासाठी बँकेचं ना हरकत पत्रही हवं. कोल्हापूर किंवा पनवेलच्या शोरूममधून घेत असाल, तर नोंदणी आपल्याच पत्त्याच्या कार्यालयात (रत्नागिरी एमएच ०८, सिंधुदुर्ग एमएच ०७, पेण एमएच ०६) होणार असल्याचं कोटेशनवर लिहून घ्या.

## टप्पा ५: शोरूमची ऑफर आपल्या मंजुरीशी ताडून बघा

आता मंजुरीपत्र काढा आणि म्हणा, ‘याहून चांगलं देता का?’ शोरूमला कर्ज लावून दिल्याबद्दल कर्ज देणाऱ्या कंपनीकडून मोबदला मिळतो. तुमच्या हातात पर्याय असला, तर त्यातला काही भाग दरात सोडायला ते तयार होतात. कधी कधी शोरूमची ऑफर खरंच चांगली असते, विशेषतः गाडी बनवणारी कंपनी स्वतः व्याजाचा भार उचलते तेव्हा. पण अशा वेळी रोख सवलत बहुधा काढून घेतलेली असते. म्हणून हिशेब असा करा:

- शोरूम: ७ लाख कर्ज, ८ टक्के, ५ वर्षं, सवलत नाही. हप्ता १४,१९३.
- बँक: ९ टक्के, ५ वर्षं, पण ३०,००० रोख सवलत मिळाल्याने कर्ज ६.७ लाख. हप्ता १३,९०८.

एक टक्का महाग कर्ज पाच वर्षांत १७,००० रुपयांनी स्वस्त पडलं. दर आणि सवलत दोन्ही धरून आलेला हप्ताच ताडायचा, आणि मुदत दोन्हीकडे सारखी ठेवायची.

नेहमीच्या चुका:

‘ॲडव्हान्स हप्ते’ मान्य करणे. दोन-तीन हप्ते आधीच कापले, तर हातात कर्ज कमी पडतं आणि व्याज पूर्ण रकमेवर लागतं.

‘कर्ज सुरक्षा विमा’ कर्जातच घालू देणे. तो ऐच्छिक आहे. हवाच असेल तर साधा मुदत विमा वेगळा घ्या.

आधी शोरूमचं कर्ज घेऊ आणि नंतर बँकेत हलवू, असं गृहीत धरणे. सवलत कर्जाशी जोडलेली असेल, तर हा डाव कधी कधी बसतो, पण पहिले काही महिने फेड बंद असेल किंवा फेडीवर चार-पाच टक्के आकार असेल, तर सवलतीतून काहीच उरत नाही. सही करण्याआधी ती अट वाचा.

## टप्पा ६: सही करण्याआधी

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांना बँकेने आणि वित्त कंपनीने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून येणारा वार्षिक टक्केवारीचा दर, म्हणजे एपीआर, असतो. दोन कर्जं ताडायला हाच आकडा खरा. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हे पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतं, तेव्हा ‘आत्ता सही नाही केली तर दर जाईल’ या दबावाला बळी पडू नका. घरी आणा आणि वाचा.

मुदतपूर्व फेडीबाबत १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना नवे नियम आहेत. बदलत्या दराच्या, धंद्यासाठी नसलेल्या वैयक्तिक कर्जावर बँक किंवा वित्त कंपनी फेडीचा आकार घेऊ शकत नाही. गाडीची बरीच कर्जं स्थिर दराची असतात आणि त्यांवर आकार लागू शकतो, पण तो मंजुरीपत्रात, करारात आणि पत्रकात आधी लिहिलेला असावा लागतो.

कोरे कागद सही करू नका. नोंदणीचा फॉर्म २० आणि बोज्याचा फॉर्म ३४ यांवर गाडीचा तपशील भरल्यावरच सही करा. फॉर्म २९ आणि ३० मालकी हस्तांतराचे असतात. काही वित्त कंपन्या ते कोरे सही करून मागतात. कशासाठी हवेत ते विचारा, आणि दिलेच तर दिलेल्या कागदांच्या यादीत त्यांची नोंद करून पोच घ्या. कोऱ्या धनादेशांचंही तसंच: संख्या आणि क्रमांक लिहून ठेवा.

हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांची मागा. ती पहिल्याच दिवशी सहज मिळते, नंतर बदलून घेणं कटकटीचं.

गाडी पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार असेल, तर आत्ताच सांगा. खासगी म्हणून नोंदलेली गाडी मालवण-तारकर्लीला भाड्याने चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि हप्ते मात्र चालूच राहतात.

## टप्पा ७: विमा आणि डिलिव्हरी

मार्जिनची, म्हणजे स्वतःच्या वाट्याची रक्कम शोरूमच्या खात्यात धनादेशाने किंवा आरटीजीएसने भरा, विक्रेत्याच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. ती पावती बँकेला दाखवली, की बँक डिलिव्हरी ऑर्डर देते आणि कर्जाची रक्कम थेट शोरूमला जाते.

नव्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेता येतो. किनारपट्टीवर आणि नदीकाठी इंजिन संरक्षण घ्यायलाच हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण पाणी शिरलेलं इंजिन चालू करायचा प्रयत्न केला, तर इंजिनाचा खर्च नाकारला जातो.

कर्जाशी याचा थेट संबंध आहे. ८.२ लाखांच्या गाडीसाठी ९ लाख कर्ज ९.५ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं, तर तीन वर्षांनी शिल्लक सुमारे ५.८५ लाख राहते. गाडीचं विमामूल्य तोवर ३० टक्के घसारा धरून ५.७४ लाख होतं. गाडी पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे पैसे आधी बँकेला जातात, गाडी जाते आणि वर तुम्हीच देणं लागता. स्वतःचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास ठेवला, किंवा ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ (गाडी निकामी झाल्यास बिलाची किंमत देणारं) संरक्षण घेतलं, तर ही वेळ येत नाही.

तपासा (डिलिव्हरीच्या दिवशी): बिल, विमा आणि कर्जाच्या करारातले चेसिस आणि इंजिन क्रमांक एकच आहेत का? विम्यावर बँकेचं नाव बरोबर आहे का? आणि नोंदणीच्या अर्जात मोबाइल क्रमांक तुमचाच आहे ना? कधी कधी शोरूमवाले आपलाच क्रमांक टाकतात. पाच वर्षांनी बोजा उतरवताना ओटीपी त्यांच्या बंद पडलेल्या सिमवर जातो आणि तुम्ही कार्यालयाच्या फेऱ्या मारत बसता.

## टप्पा ८: कर्जबदल परवडतो का

पहिल्या सहा महिन्यांत काही करायची गरज नसते. नंतर वर्षातून एकदा शिल्लक आणि बाजारातला दर पाहा. कर्जबदल म्हणजे नवी बँक जुनं कर्ज फेडते आणि तुम्ही नव्या बँकेचे हप्ते भरता.

हिशेब असा. शिल्लक ६ लाख, मुदत ४८ महिने, चालू दर ११.५ टक्के, हप्ता १५,६५३. नवी बँक ९.२५ टक्के देते, हप्ता १५,००२. महिना ६५१ रुपये, म्हणजे चार वर्षांत सुमारे ३१,२०० वाचतात. आता खर्च धरा. फेडीचा आकार ४ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून २८,३२०. नव्या बँकेचं शुल्क, बोज्याची नोंद आणि बाकी किरकोळ सात हजारांच्या आसपास. इथे सव्वादोन टक्के कमी दर मिळूनही तोटाच होतो. आकार २ टक्के असता, तर दहाएक हजार हाती लागले असते.

म्हणून आधी जुन्या बँकेलाच दुसऱ्या बँकेचं पत्र दाखवून दर कमी करायला सांगा. काही मोजक्या कागदांत काम होतं.

इशारा: नवी बँक ‘हप्ता १५,६५३ वरून ९,७३० वर आणतो’ म्हणाली, तर मुदत विचारा. तो हप्ता ८४ महिन्यांचा आहे. दर कमी होऊनही उरलेलं व्याज १.५१ लाखांवरून २.१७ लाखांवर गेलं. मुदत उरलेल्या महिन्यांइतकीच ठेवली, तरच कर्जबदलाला अर्थ आहे. टॉप-अपच्या, म्हणजे त्याच कर्जावर मिळणाऱ्या वाढीव रकमेच्या, नावाने लग्नाचा किंवा घराच्या कौलांचा खर्च यात घालू नका.

कर्जाचा अर्धा काळ उलटला असेल, तर बदलू नका. व्याजाचा मोठा भाग आधीच भरलेला असतो. हातात पैसे असतील तर ते मुद्दलात भरा आणि ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असं लेखी सांगा. न सांगितल्यास काही ठिकाणी उलटं करतात.

## टप्पा ९: कर्जबदलाचा क्रम

१. नव्या बँकेची मंजुरी आणि की फॅक्ट स्टेटमेंट घ्या.
२. जुन्या बँकेकडून फोरक्लोजर पत्र, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील त्याचं पत्र, मागा. त्यात मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, आकार, जीएसटी आणि दर दिवसाचं व्याज वेगळं लिहिलेलं असावं. पत्राला मुदत असते. ती उलटली तर आकडा बदलतो आणि शे-पाचशे रुपये कमी भरल्यामुळे कर्ज बंदच होत नाही.
३. रक्कम भरेपर्यंत जुना हप्ता थांबवू नका. ‘आता हलवतोच आहोत’ म्हणून थांबवलेला एक हप्ता रिपोर्टवर थकबाकी म्हणून उमटतो.
४. रक्कम भरल्यावर जुन्या बँकेचं ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्यासह फॉर्म ३५ घ्या. नॅच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द करा आणि धनादेश परत मागा.
५. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर जुना बोजा उतरवायचा आणि नवा (फॉर्म ३४) चढवायचा अर्ज करा. चारचाकीला नव्या नोंदीचं शुल्क १,५०० रुपये आहे.
६. विमा पॉलिसीवर बँकेचं नाव बदलून घ्या. ही पायरी जवळपास सगळेच विसरतात आणि दाव्याच्या वेळी पैसे जुन्या बँकेच्या नावाने अडकतात.

## टप्पा १०: शेवटचा हप्ता फिटल्यावर

हप्ते संपले तरी आरसीवर बँकेचं नाव आपोआप जात नाही. गाडी विकायला काढल्यावर हे ध्यानात येतं, तोवर ना हरकत पत्राची मुदत संपलेली असते. बहुतेक पत्रांवर ती ९० दिवसांची असते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत बँकेने तारणाची मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा असतो. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. फेडीच्या दिवशीच या नियमाचा उल्लेख करून अर्ज द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

वाहन पोर्टलवर अर्ज करण्याआधी विमा आणि पीयूसी चालू आहेत, आणि ई-चलान बाकी नाही, एवढं पाहून घ्या; या कारणांनी अर्ज अडतो. नवं आरसी हातात आलं, की विमा कंपनीला त्याची प्रत देऊन पॉलिसीवरचं बँकेचं नावही काढा. महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. कर्जापुढे ‘क्लोज्ड’ आणि शिल्लक शून्य दिसत नसेल, तर ना हरकत पत्राची प्रत जोडून हरकत नोंदवा. मूळ पत्र लॅमिनेट न करता साध्या फाइलमध्ये ठेवा, कारण गाडी विकताना एखादा खरेदीदार किंवा त्याची बँक ते पुन्हा मागते.